बालकाचे मन आणि प्राथमिक आरोग्यकेंद्र

शाळेची वेळ झाली की पोटात दुखू लागते, रविवारी मात्र दुखत नाही, अशी मुले प्रत्येक डॉक्टरच्या परिचयाची असतात. इंग्लंडमध्ये जॉन ॲप्ली व नोरा नेश यांनी १,००० शालेय मुलांची पाहणी करून तिचे निष्कर्ष १९५८ मध्ये प्रसिद्ध केले. दहांपैकी सुमारे एका मुलास वारंवार पोटदुखी होत असल्याचे तीत आढळले. परंतु अशा मुलांची कसून तपासणी केली असता बहुतेकांच्या शरीरात कोणताही विकार सापडला नाही. ही मुले ढोंगी होती असे मात्र समजू नये. भीतीचा परिणाम आतड्यांच्या हालचालींवर होतो आणि वेदना खरोखरीच जाणवते. आपणास भय वाटते हे मुलास शब्दांत सांगता येत नाही. ते पोट धरून बसते, अंथरूण ओले करते, किंवा जेवण टाकते.

साहजिकच अशा मुलास घेऊन आई मनोविकारतज्ज्ञाकडे जात नाही, प्राथमिक आरोग्यकेंद्रात जाते. तेथे त्यास जंतांचे औषध मिळते. महिन्याभराने ते पुन्हा येते, आणि पुन्हा तेच औषध मिळते!

आरोग्यकेंद्रातील डॉक्टर व कर्मचारी यांस मनोविकार ओळखण्यास शिकवावे, हा विचार भारतात नवा नाही. बंगलोरजवळील साकलवारा आणि हरियाणातील रायपूर रानी येथे असे प्रयोग १९७५ च्या सुमारास सुरू झाले. १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आखला गेला. बेळ्ळारी जिल्ह्यातील अनुभवाच्या आधारे १९९६ पासून जिल्हावार योजना आली. तथापि या प्रयत्नांचा भर प्रौढांच्या तीव्र विकारांवर व अपस्मारावर राहिला. वस्तुतः २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १३ ते १७ वर्षे वयाच्या ७.३ टक्के मुलांत मानसिक विकार आढळले.

बालकांसाठी मोठे पाऊल २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाने पडले. त्यातील फिरती पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा जाऊन तपासणी करतात. बोलण्यातील विलंब, स्वमग्नता, अध्ययनातील व अवधानातील दोष यांचीही नोंद घेतात. उशिरा बोलू लागलेले मूल अशा तपासणीत सापडते. आतल्या आत कुढणारे, वर्गात कोणास त्रास न देणारे मूल मात्र वर्षातील एका दिवसाच्या भेटीत सहसा सापडत नाही. ते सापडावयाचे असेल तर गावाच्या नित्य परिचयाच्या केंद्रातच सापडेल.

त्यासाठी लागणारी सामग्री थोडी आहे. झोप कशी लागते, शाळेत कोणी मारतो काय, घरात अलीकडे काही बदल झाला काय, हे तीन-चार प्रश्न प्रथम आईस विचारावेत, नंतर मुलास एकट्याने विचारावेत. दुर्मिळ आहे तो वेळ. बाहेर मोठी रांग असता डॉक्टरास तो मिळत नाही. म्हणून हे काम प्रशिक्षित परिचारिकेकडे सोपविणे आणि पुढच्या भेटीचा दिवस कागदावर लिहून देणे अधिक व्यवहार्य ठरते. शिक्षकाशी बोलावयाचे झाल्यास पालकांची संमती आधी घ्यावी. पुष्कळ मुलांस एवढ्यानेच उतार पडू लागतो. परंतु मूल जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलू लागले, किंवा शिकलेले बोलणे विसरू लागले, तर विलंब न लावता त्यास जिल्हा रुग्णालयात पाठवावे. दरम्यान सल्ल्यासाठी २०२२ मध्ये सुरू झालेली ‘टेलि-मानस’ ही निःशुल्क दूरध्वनिसेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते.