मांजराच्या आहारबदलातील पाण्याचे गणित : कोरड्या खाद्याकडून ओल्या खाद्याकडे

दिल्लीत मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशाच एका दुपारी आमच्या घरचा सहा वर्षांचा, खच्चीकरण केलेला बोका वाळूच्या पेटीत पुनःपुन्हा बसून लघवी न करताच उठताना दिसला. मूत्रमार्ग अडला होता. पशुवैद्यकांनी नळी घालून मूत्राशय मोकळे केले आणि निरोप देताना ‘आता ओले खाद्य द्या’ एवढेच सांगितले. ते कसे द्यावे, हे मात्र आम्हालाच अभ्यासावे लागले. बोका लघवीसाठी कुंथत असूनही थेंबभर लघवी होत नसेल, तर एक दिवसही थांबू नये. ही प्राणघातक अवस्था असते, हे प्रथम नोंदवितो.

पाळीव मांजराचा पूर्वज हा आफ्रिका व पश्चिम आशियातील कोरड्या प्रदेशांत राहणारा रानमांजर. त्याला पाणी मुख्यतः भक्ष्यातून मिळे. उंदराच्या शरीरात सुमारे दोन-तृतीयांश पाणीच असते. त्यामुळे मांजराची तहान मंद आणि मूत्र अतिशय दाट. कोरड्या खाद्यात पाणी जेमतेम ८ टक्के, ओल्या खाद्यात ७५ ते ८० टक्के. चार किलो वजनाच्या मांजराने दिवसाला ६० ग्रॅम कोरडे खाद्य खाल्ले, तर त्यातून सुमारे ५ मिलिलिटर पाणी मिळते. तेवढ्याच उष्मांकांसाठी साधारण २५० ग्रॅम ओले खाद्य लागते आणि त्यातून १९० मिलिलिटरच्या वर पाणी पोटात जाते. कोरडे खाद्य खाणारे मांजर वाटीतले पाणी अधिक पिते खरे, पण ही तूट ते सहसा पुरती भरून काढत नाही. कोरडे खाद्य हेच अडथळ्याचे एकमेव कारण, असे मात्र म्हणता येणार नाही. लठ्ठपणा, बैठेपणा व ताण यांचाही त्यात वाटा असतो.

पाकिटावरील आकडे वाचताना विस्तार कार्यकर्त्यांनी हिरवा व वाळलेला चारा आठवावा. ओल्या खाद्यावर ‘प्रथिने १० टक्के’ आणि कोरड्यावर ‘३२ टक्के’ असे दिसते. शुष्क पदार्थाच्या आधारे हिशेब केल्यास ८० टक्के पाणी असलेल्या ओल्या खाद्यात प्रथिने ५० टक्के भरतात, कोरड्यात सुमारे ३५ टक्के.

आता मुख्य अडचण. मांजर नवे खाद्य सहजी स्वीकारत नाही. आम्हा कीटकशास्त्रज्ञांना हे वर्तन अपरिचित नाही. तंबाखूवरील शिंगअळी टोमॅटोवर्गीय पानांवर वाढली की पुढे इतर वनस्पती नाकारते. आरंभापासून कृत्रिम आहारावर वाढलेली अळी मात्र त्या खाते. मांजराच्याही बालपणी ज्या पोताचे खाद्य मिळाले, त्याचीच ओढ पुढे राहते. पण येथे ‘भूक लागली की खाईल’ हा हट्ट धोक्याचा आहे. विशेषतः लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले, तर हेपॅटिक लिपिडोसिस हा यकृतात चरबी साचण्याचा गंभीर विकार जडू शकतो. २४ तास काहीच न खाल्ल्यास जुने खाद्य पुन्हा द्यावे व पशुवैद्यकांचा सल्ला घ्यावा.

आम्ही प्रथम दिवसभर भरलेली वाटी बंद करून ठरावीक वेळा पाळल्या. मग नेहमीच्या खाद्याशेजारी चमचाभर ओले खाद्य, कोमट करून, वेगळ्या बशीत ठेवले. कोमट केल्याने वास उठतो आणि मांजर वासावरच निर्णय घेते. चार दिवस त्याने केवळ हुंगले. पाचव्या दिवशी वर कोरड्या दाण्यांचा चुरा भुरभुरला, तेव्हा जीभ लावली. पुढे चुरा घटवीत, ओले वाढवीत गेलो. पुस्तकांत सात ते दहा दिवस लिहिलेले असतात. आम्हाला पाच आठवडे लागले. या काळात दर आठवड्याला वजन केले.

घरचे उकडलेले चिकन आमिष म्हणून चालते, पण त्यात कांदा, लसूण व मीठ नको. केवळ तेच दिल्यास कॅल्शियम अपुरे पडते. आपल्याकडील दूधपोळी हा तर मांजराचा आहारच नव्हे. टॉरिन हे अमिनोसदृश द्रव्य मांजराला आहारातूनच मिळावे लागते. त्याच्या अभावी दृष्टिपटल व हृदय निकामी होते.

उन्हाळ्यात उघडे ओले खाद्य तासाभरात उचलावे. घरमाशीची अंडी अशा उष्णतेत एका दिवसाच्या आत उबतात. माश्या-पिसवांसाठी कुत्र्यांचे परमेथ्रिनयुक्त औषध मांजरावर कदापि वापरू नये. त्याचे यकृत हे रसायन निकामी करू शकत नाही. कोरड्या खाद्यालाही कीड असतेच. आहारबदलानंतर उरलेले अर्धे पोते पावसाळ्यात उघडले, तेव्हा त्यात तांबड्या भुंगेऱ्याच्या सर्व अवस्था सापडल्या. ते पोते मी प्रयोगशाळेत नेले. तेथे ते विद्यार्थ्यांच्या ओळख-सरावाला उपयोगी पडले.