बोअरच्या पाण्यातील रेती आणि भोवऱ्याची गाळणी

अमरावती जिल्ह्यातील वरुड-मोर्शीच्या संत्राबागांतून एप्रिल-मे महिन्यांत हिंडताना एक गोष्ट वारंवार दृष्टीस पडते. मोटार चालू असते, नळ्यांत पाणी असते, आणि तरीही ओळीतील काही झाडांखालची माती कोरडीच राहते. ड्रिपर काढून पाहिला असता त्याच्या मुखाशी बारीक रेती दाटलेली आढळते. आंबिया बहराची फळे ह्या वेळी झाडावर असतात. पाण्याचा ताण बसला की ती गळू लागतात, आणि शेतकऱ्याच्या ध्यानात येईपर्यंत नुकसान होऊन गेलेले असते.

ही रेती येते कोठून? सातपुड्याच्या पायथ्याचा पट्टा गोटे, रेती व चिकणमाती ह्यांच्या थरांनी बनलेला आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील गाळाची जमीनही अशीच थराथरांची आहे. अशा भूमीत घेतलेल्या बोअरमधून पाण्याबरोबर थोडीफार रेती वर येणे स्वाभाविक होय. ती अडविण्याकरिता जे यंत्र बसवितात त्यास हायड्रोसायक्लोन म्हणतात. आकाराने ते लहान, त्यात फिरणारा एकही भाग नाही, जाळीही नाही. म्हणूनच ते काम कसे करते हे पुष्कळांस उमगत नाही, व निवड करताना चूक होते.

अकोल्यातील डाळगिरण्यांवर खाली निमुळते होत गेलेले पत्र्याचे मोठे शंकू आपण पाहिले असतील. धुळीची हवा त्यांत बाजूने शिरते, गरगर फिरते, धूळ कडेला जाऊन खाली पडते आणि हवा वरून निघून जाते. हायड्रोसायक्लोनमध्ये हवेच्या जागी पाणी असते, एवढाच फरक. पाणी शंकूच्या वरच्या भागात मध्यावर न सोडता कडेला चाटून सोडलेले असते. त्यामुळे आत भोवरा तयार होतो. रेती पाण्याच्या सुमारे अडीचपट जड असल्याने ती बाहेर भिंतीकडे फेकली जाते, भिंतीवरून घसरत खालच्या भांड्यात साठते, आणि निवळ पाणी मध्यभागातून वर चढून पुढे जाते. दुधातून साय काढण्याच्या यंत्रातही तत्त्व हेच. मात्र तेथे भांडे फिरते, येथे पाणी. पाण्यातील रेतीच काय, समुद्रातील तेलविहिरींवर पाण्यात मिसळलेले तेलही अशाच भोवऱ्याने वेगळे काढतात. तेल हलके, म्हणून तेथे ते मध्यभागी जमते.

ह्या भोवऱ्याचा जोर किती असतो? 10 सेंटिमीटर व्यासाच्या यंत्रात भिंतीलगत पाणी सेकंदाला 3 मीटर वेगाने फिरत असेल, तर कणाला बाहेर लोटणारा जोर त्याच्या वजनाच्या सुमारे 18 पट होतो. परंतु हा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. प्रवाह निम्मा झाला की जोर निम्मा न राहता चौथाईवर येतो. सारी गोम येथेच आहे.

ह्या बाबतीत माझ्या हातून झालेली चूक येथे नमूद करणे इष्ट वाटते. मोर्शी तालुक्यातील एका बागेत मी डिसेंबरमध्ये बोअरचे पाणी मोजले. 200 लिटरचा ड्रम 40 सेकंदांत भरला, म्हणजे ताशी 18 हजार लिटर. त्या मापाचे एक यंत्र बसविले. आत शिरताना व बाहेर पडताना पाण्याचा दाब पाहिला, तेव्हा दोन्हींत 0.4 किलो प्रति चौरस सेंटिमीटरचा फरक होता, म्हणजे भोवरा चांगला चालू होता. एप्रिलअखेर शेतकऱ्याचा निरोप आला की ड्रिपर बंद पडत आहेत. जाऊन पाहतो तो ड्रम भरायला 80 सेकंद लागत होते आणि दाबातील फरक 0.1 वर आला होता. यंत्र तेच, बोअर तोच, पण भोवरा मेला होता. मी हिवाळ्यातील पाणी मोजले आणि गाळणी मात्र उन्हाळ्यासाठी हवी होती! त्या वर्षी त्या बागेची जी फळे गळली त्यांचा काही दोष माझ्याकडे येतो.

पुढील हंगामात त्या एका यंत्राऐवजी ताशी 9 हजार लिटरची दोन लहान यंत्रे शेजारी शेजारी, प्रत्येकास स्वतंत्र कॉक ठेवून बसविली. हिवाळ्यात दोन्ही चालवितात. पाणी घटले की एक बंद करतात व सारा प्रवाह दुसऱ्यातून नेतात. त्याबरोबर बागेचा एका वेळी भिजणारा भागही निम्मा करतात, म्हणजे नळ्यांतील दाब टिकतो. खर्च थोडा अधिक आला हे खरे. तथापि "मोठे यंत्र घेतलेले बरे" हा विक्रेत्यांचा व आपलाही नेहमीचा सल्ला येथे उलटा ठरतो.

म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी यंत्राची शिफारस नळाच्या जाडीवरून करू नये. पाणी मे महिन्यात मोजावे, आणि मोजताना ड्रमकडे जाणारा कॉक थोडा आवळून ठिबक चालताना असतो तितका दाब राखावा. मोकळ्या नळाचे माप नेहमी जास्त भरते. यंत्राच्या दोन्ही बाजूंस दाबमापक असणे आवश्यक आहे. साधारणतः 0.2 ते 0.5 चा फरक असावा. दाबमापक नसेल तर यंत्राच्या आधीचे व नंतरचे पाणी काचेच्या दोन बाटल्यांत घेऊन दहा मिनिटे ठेवावे, तळाची रेतीच साक्ष देईल.

ह्या यंत्राकडून भलती अपेक्षा धरू नये. शेततळे, कालवा किंवा उघडी विहीर यांतील शेवाळ व पालापाचोळा जवळजवळ पाण्याइतकाच हलका असतो. त्यासाठी वाळूची गाळणीच पाहिजे. काळ्या मातीचा गढूळपणाही ह्याने जात नाही. दोन मायक्रॉनचा चिकणमातीचा कण स्थिर पाण्यात एक मीटर खाली बसण्यास सुमारे तीन दिवस घेतो. भोवऱ्यात तो काही सेकंदच असतो. खारपाणपट्ट्यातील शेतकरी बंधू विचारतात की ह्याने खारेपण कमी होईल काय. नाही. मीठ पाण्यात विरघळलेले असते, त्यास वेगळे काढणे कोणत्याही भोवऱ्यास साधत नाही. आणि मूठमूठ रेती सतत येत असेल तर दोष बोअरच्या केसिंगमध्ये किंवा तळाशी टेकत आलेल्या मोटारीत शोधावा.

हायड्रोसायक्लोन मोटारीनंतर सर्वांत प्रथम व अगदी उभा बसवावा, आणि त्याच्यापुढे जाळीची गाळणी ठेवावीच. कारण मोटार सुरू होताना भोवरा जमेपर्यंत थोडी रेती पुढे निसटते. खालचे भांडे आरंभी रोज रिकामे करावे, मग किती दिवसांत अर्धे भरते ते पाहून वार ठरवावा. भांडे काठोकाठ भरले की साठलेली रेती भोवऱ्याबरोबर पुन्हा वर चढते आणि जाळीवर जाऊन बसते.