लाकडी बॅट की अ‍ॅल्युमिनियमची?

आपल्या शुक्रवार पेठेत गल्ली क्रिकेट खेळणारी मुलं शाळेत बेसबॉल खेळायला लागली की विचारतात, "सर, ही बॅट लोखंडाची का?" लोखंडाची नाही, अ‍ॅल्युमिनियमची, आणि आतून पोकळ. लाकडावर आपटलेला चेंडू स्वतःच चेपतो, त्यात बराच जोर वाया जातो. पोकळ बॅटचा पत्रा मात्र किंचित आत दबतो आणि उसळून चेंडूला परत ढकलतो. टेनिस रॅकेटची कड पायांनी दाबून धरा. चेंडू आधी फरशीवर, मग त्याच उंचीवरून तारांवर टाका. मुलांना लगेच कळेल.

क्रिकेटमध्ये १९७९ साली पर्थ कसोटीत डेनिस लिली अ‍ॅल्युमिनियमची बॅट घेऊन उतरला. वाद झाला, पुढे नियमातच लाकूड सक्तीचं झालं. बेसबॉलमध्ये मात्र अमेरिकेच्या कॉलेजांत ही बॅट १९७४ पासून आहे, कारण लाकडी बॅट तुटते आणि खर्च वाढतो. (हे आपल्या शाळांना काय सांगायचं!) पण पिचर उभा असतो जेमतेम १८ मीटरवर. त्याच्या काळजीने न्यूयॉर्क शहराने २००७ मध्ये हायस्कूलच्या सामन्यांत धातूच्या बॅटवर बंदी आणली, आणि २०११ पासून कॉलेजच्या बॅटची उसळी जवळपास लाकडाइतकीच ठेवायचा नियम आला.

मला विचाराल तर शाळेसाठी अ‍ॅल्युमिनियमच परवडतं. फक्त स्वस्तात मिळते म्हणून जुनी बॅट घेऊ नका, आणि सरावात पिचरसमोर जाळी लावा.