जोडसेवेतील दुबळा दुवा

अंधेरीहून घाटकोपरला निघालेल्या प्रवाशाची मेट्रो खोळंबली, तर तो बस पकडतो वा दादरमार्गे लोकलने जातो. घरी परतून प्रवास नव्याने आरंभीत नाही. अनेक संगणकीय सेवा गुंफलेल्या जोडसेवेचेही सूत्र हेच होय. दाखल्याच्या ऑनलाइन अर्जात नोंदणी, शुल्कभरणा, पडताळणी, डिजिटल स्वाक्षरी असे दुवे असतात. एक मंदावताच सारे अडते. यास्तव प्रत्येक दुव्याचा प्रतिसादकाळ व उपलब्धता सतत मोजावी. मर्यादा ओलांडली जाताच समतुल्य सेवेकडे काम वळवावे. पूर्ण झालेले टप्पे जपावेत, शुल्क दोनदा घेऊ नये. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमानुसार विहित मुदतीत सेवा मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे. प्रवेशाची तारीख गाठू पाहणाऱ्या विद्यार्थ्यास यंत्राची सबब पुरत नाही.