ॲपशीटमध्ये ॲक्शन आणि ॲक्शन ग्रुप: एका बटणात पूर्ण काम कसं बसवायचं?



मागच्या भागात आपण गूगल शीटवरून ऑर्डरचं ॲप तयार केलं. आज त्या ॲपला बटणं लावायची आहेत. व्हिडिओत सगळं करून दाखवलंय, पण सेटिंग्ज भराभर पुढे जातात. म्हणून हा लेख शेजारी उघडा ठेवा आणि एकेक पायरी करत चला.

सुरुवातीला एक अनुभव सांगतो. आमच्या बॅचमधल्या एका ताईंचा दिवाळी फराळाचा गृहउद्योग आहे. त्यांनी स्वतःच ॲप बनवलं आणि हौसेनं प्रत्येक ऑर्डरवर चार बटणं लावली: तयार, पोचली, पैसे मिळाले, रद्द. चारही बटणं कायम दिसायची, शेजारी शेजारी. डिलिव्हरीचा मुलगा एका हातात पिशव्या आणि दुसऱ्या हातात मोबाईल घेऊन फिरायचा. "पोचली" दाबायच्या ऐवजी कधी "पैसे मिळाले" दाबलं जायचं, कधी दोन्ही. दिवाळी झाल्यावर ताई हिशोबाला बसल्या, तर ॲपमध्ये उधारी जवळजवळ शून्य आणि गल्ल्यात पैसे कमी! कोणाकडून किती येणं आहे, हे आठवून आठवून काढावं लागलं. काही घरी तर विचारायचाच संकोच वाटला, कारण त्यांनी पैसे दिलेही असतील.

चूक मुलाची नव्हती. ॲपमधलं प्रत्येक बटण तुमच्या वहीत काहीतरी लिहितं, आणि चार बटणं एकदम समोर ठेवणं म्हणजे वही उघडी टाकून शाईचा पेन कोणाच्याही हातात देणं. म्हणून आजचं सूत्र लिहून ठेवा: ज्या वेळी जे काम, त्या वेळी तेवढंच बटण, आणि एक काम म्हणजे एकच बटण.

ॲक्शन म्हणजे काय?

ॲपशीट हे कोडिंगशिवाय ॲप बनवायचं साधन आहे. 2020 पासून ते गूगलकडे आहे आणि ॲप मोबाईलवर तसंच ब्राउझरमध्येही चालतं. त्यात बटणाला ॲक्शन म्हणतात. काही ॲक्शन ॲपशीट स्वतःच बनवतं, उदाहरणार्थ ॲड, एडिट, डिलीट. टेबलमध्ये फोन नंबरचा कॉलम असेल तर कॉलचं बटणही आपोआप येतं. बाकीच्या ॲक्शन आपण बनवायच्या.

एडिटरमध्ये डावीकडे विजेचं चिन्ह आहे, ते म्हणजे ॲक्शन्स. नवीन ॲक्शन घेतली की पाच गोष्टी ठरवायच्या असतात:

1. कोणत्या टेबलसाठी? इथे चूक झाली तर बटण भलत्याच ठिकाणी दिसतं.
2. काय करायचं? याला "डू धिस" म्हणतात. याच ओळीतल्या कॉलमची किंमत बदलणं, दुसऱ्या टेबलमध्ये नवी ओळ टाकणं, दुसऱ्या व्ह्यूवर नेणं, किंवा अनेक ॲक्शन ओळीनं चालवणं. हा शेवटचा पर्याय म्हणजेच आपला ॲक्शन ग्रुप. यादीत तो "ग्रुप्ड" या शब्दानं सुरू होतो.
3. कुठे दिसायचं? प्रायमरी म्हणजे खाली तरंगणारं गोल बटण. प्रॉमिनंट म्हणजे ऑर्डर उघडल्यावर वरच्या भागात. इनलाइन म्हणजे एखाद्या कॉलमला चिकटून. हाइड म्हणजे दिसायचंच नाही.
4. कधी दिसायचं? "ओन्ली इफ धिस कंडिशन इज ट्रू" या चौकटीत अट लिहायची.
5. विचारून करायचं का? "नीड्स कन्फर्मेशन" चालू केलं की ॲप आधी "नक्की?" असं विचारतं.

बहुतेक लोक पहिल्या दोनवर थांबतात. ताईंचं ॲप तिथेच फसलं होतं.

आधी वही नीट आखा

आपल्याकडे दोन टेबल हवीत. "ऑर्डर" मध्ये ऑर्डर आयडी, ग्राहक, फोन, रक्कम, स्थिती, पोचवल्याची वेळ आणि कोणी पोचवली. "जमा" मध्ये जमा आयडी, ऑर्डर आयडी, रक्कम, तारीख आणि पद्धत (रोख की यूपीआय). "जमा" मधला ऑर्डर आयडी हा रेफ प्रकारचा कॉलम ठेवा, म्हणजे दोन्ही टेबल जोडली जातात.

"पैसे मिळाले: हो/नाही" असा कॉलम ठेवू नका. त्यात अर्धे पैसे मावत नाहीत, आणि चुकून "हो" झालं तर मागमूस राहत नाही. मिळालेला प्रत्येक रुपया "जमा" मध्ये वेगळी ओळ म्हणून जाऊ द्या. मग "ऑर्डर" मध्ये "बाकी" नावाचा व्हर्च्युअल कॉलम घ्या: ऑर्डरची रक्कम वजा त्या ऑर्डरच्या सगळ्या जमा ओळींची बेरीज. बाकी कोणी हातानं लिहायचीच नाही, ती हिशोबातूनच आली पाहिजे.

आता छोट्या ॲक्शन

फंक्शनची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय. ॲपमध्ये ती इंग्रजी कॅपिटलमध्ये, पुढे कंस देऊन टाईप करायची.

*पायरी क: पूर्ण रक्कम जमा.* "जमा" टेबलमध्ये नवी ओळ. जमा आयडीला युनिकआयडी, ऑर्डर आयडीला [ऑर्डर आयडी], रकमेला [बाकी], तारखेला टुडे, पद्धतीला "रोख".

*पायरी ख: स्थिती पोचली.* याच ओळीत स्थिती = "पोचली", वेळेला नाऊ, कोणी पोचवली याला युझरईमेल.

*पायरी ग: थोडी रक्कम.* लिंकटूफॉर्म वापरून "जमा" चा फॉर्म उघडायचा, ऑर्डर आयडी आधीच भरलेला. रक्कम माणूस स्वतः टाकेल.

*पायरी घ: यादीकडे परत.* लिंकटूव्ह्यू वापरून "आजची डिलिव्हरी" या व्ह्यूवर.

चारही ॲक्शनची जागा हाइड ठेवा. लपवलेली ॲक्शनसुद्धा ग्रुपमधून चालते. या आपल्या विटा झाल्या, भिंत अजून बांधायचीय.

भिंत म्हणजे ॲक्शन ग्रुप

दारात उभ्या असलेल्या मुलाच्या समोर प्रत्यक्षात तीनच गोष्टी घडू शकतात. म्हणून बटणंही तीनच:

- पोचली, पूर्ण रोख मिळाली: क, मग ख, मग घ.
- पोचली, थोडे पैसे मिळाले: ख, मग ग.
- पोचली, उधारी: ख, मग घ.

बघा, "पैसे मिळाले" हे सुटं बटणच आता उरलं नाही. माल आणि पैसा या दोन्ही गोष्टींचं उत्तर एकाच वेळी द्यावं लागतं.

इथे तीन नियम पाळा.

पहिला: अट ग्रुपवर लावा, पायऱ्यांवर नको. तिन्ही ग्रुपला एकच अट: [स्थिती] = "तयार". हीच अट प्रत्येक पायरीवरही टाकली तर गडबड होते. आधीच्या पायरीनं स्थिती "पोचली" केली की पुढच्या पायरीची अट खोटी ठरते, आणि काम अर्धवट राहतं. ग्रुपवर अट असल्याचा दुसरा फायदा असा, की बटण एकदा दाबलं की तिन्ही बटणं गायब. दुसऱ्यांदा दाबून तीच रक्कम दोनदा जमा होण्याचा प्रश्नच नाही.

दुसरा: दुसऱ्या स्क्रीनवर नेणारी पायरी नेहमी शेवटी. यादीकडे नेणं किंवा फॉर्म उघडणं मध्येच घालू नका.

तिसरा: काम मध्येच तुटलं तर चूक कोणत्या बाजूला पडेल, हे बघा. "थोडे पैसे" मध्ये ख आधी होतं आणि मग फॉर्म उघडतो. मुलानं फॉर्म न भरता मागे घेतलं तर? स्थिती "पोचली" झालेलीच असते, जमा ओळ मात्र नसते, म्हणून बाकी पूर्ण दिसते. हे चालेल. जास्त दिसणारी बाकी दुसऱ्या दिवशी विचारून दुरुस्त होते. पुसली गेलेली बाकी कोणाला दिसतच नाही, मग विचारणार कोण?

कन्फर्मेशनमध्ये आकडा दाखवा

नुसतं "नक्की?" विचारलं तर बोट सवयीनं "हो" वर जातं. कन्फर्मेशन मेसेजमध्ये फॉर्म्युला चालतो, त्याचा उपयोग करा. कॉन्कॅटिनेट वापरून ग्राहकाचं नाव आणि बाकी जोडा, म्हणजे स्क्रीनवर असं येईल: "जोशी काकू, ₹1,850 रोख मिळाले ना?" आकडा दिसला की माणूस थांबतो आणि नोटा मोजतो. हे फक्त पूर्ण रोखीच्या ग्रुपवर लावा. प्रत्येक बटणाला प्रश्न लावले तर कोणी वाचणार नाही.

बटण लपवलं म्हणजे कुलूप लागलं असं नाही

अट लावून बटण लपवणं ही सोय आहे, सुरक्षा नव्हे. खरं कुलूप टेबलच्या सेटिंगमध्ये असतं: "आर अपडेट्स अलाउड". "जमा" टेबलवर कर्मचाऱ्याला फक्त नवी ओळ टाकायची परवानगी द्या, बदलायची किंवा पुसायची नको. नवी ओळ टाकायची परवानगीच काढून टाकू नका बरं का, नाहीतर आपली पायरी क चालणार नाही. "ऑर्डर" वर फक्त अपडेट. डिलीट मालकाकडेच ठेवा, आणि खरं सांगायचं तर मालकानंही वापरू नये. ऑर्डर रद्द झाली तर स्थिती "रद्द" करा. पुसलेल्या ओळीला काही विचारता येत नाही.

गृहपाठ

आधी ॲपची डेटासकट कॉपी करा. एडिटरमधला प्रिव्ह्यू खऱ्या शीटमध्येच लिहितो, हे विसरू नका. मग कॉपीमध्ये पाच खोट्या ऑर्डर टाका. प्रिव्ह्यूमध्ये कर्मचाऱ्याचा ईमेल टाकून त्याला काय दिसतं ते बघा. तिन्ही बटणं एकेकदा दाबा, एकदा फॉर्म मुद्दाम अर्धवट सोडा, आणि दर वेळी शीट उघडून ओळी तपासा.

शेवटी मोबाईल घरातल्या अशा माणसाच्या हातात द्या, ज्यानं हे ॲप कधी पाहिलं नाही. त्याला एवढंच सांगा: "माल दिलास, पैसे उद्या मिळणार. आता काय दाबशील?" तो न विचारता बरोबर बटण दाबत असेल, तर तुमचं ॲप तयार झालं.

ताईंनी पुढच्या दिवाळीआधी ॲप असंच बदललं. उधारी तेव्हाही झाली, धंदा म्हटला की ती होणारच. पण कोणाकडे किती, हे त्यांना आठवावं लागलं नाही.

पुढच्या भागात बाकी असलेल्या ग्राहकांची यादी करून तिथूनच आठवणीचा मेसेज कसा पाठवायचा ते बघू. तोपर्यंत गृहपाठ पूर्ण करा. भेटूया!