आधी सावली, मग सनावळी

भाचीबाई, गाईडचं ओळखपत्र गळ्यात आलं, अभिनंदन! आता मुंबईच्या फोर्टात पहिला ग्रुप घेऊन उतरशील तेव्हा तुझ्या डोक्यात सनावळी घोळत असेल आणि लोकांच्या डोक्यात एकच प्रश्न असेल, बाथरूम कुठे आहे? त्याचं उत्तर आधी दे. कुठे जायची सोय आहे आणि पुढची सोय किती वेळानं येणार, हे बसमधून उतरायच्या आत सांगून टाक. ज्याला लागलेली आहे त्याला तू वास्तुशिल्पी जॉर्ज विटेट सांग नाहीतर साक्षात विश्वकर्मा सांग, त्याच्या कानात काही शिरत नाही. बायका तर विचारायलाही लाजतात आणि दिवसभर पाणीच पीत नाहीत. मग दुपारी चक्कर येते आणि सगळा कार्यक्रम कोलमडतो.

दुसरं, सावली. नवे गाईड स्वतः भिंतीच्या सावलीत उभे राहतात आणि समोरच्या पंचवीस जणांना उन्हात डोळे किलकिले करायला लावतात. उलटं कर. ऊन तुझ्या तोंडावर घे, त्यांना झाडाखाली किंवा कमानीखाली उभं कर. दादाभाई नौरोजी रस्त्याच्या इमारतींना खालून जो कमानींचा झाकलेला मार्ग आहे, तो आपल्यासारख्यांसाठीच बांधलाय असं समज. उन्हात आणि पावसात तोच कामाला येतो. फक्त तिथे फेरीवाल्यांची गर्दी असते, तेव्हा ओळीनं चालव आणि चालताना बोलू नकोस. चालता चालता बोललेलं पहिल्या चौघांनाच ऐकू जातं, मागचे मोबाइल काढतात. थांब, सगळे येऊ देत, शेवटच्या माणसाकडे बघत बोल.

उन्हाचा अजून एक उपयोग आहे, तो फारसं कुणी शिकवत नाही. ओव्हल मैदानाच्या पूर्वेला उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर, पश्चिमेला आर्ट डेको इमारतींची रांग. २०१८ साली दोन्ही बाजू मिळून जागतिक वारसा यादीत गेल्या. सकाळी ऊन आर्ट डेकोच्या तोंडावर पडतं, दुपार कलल्यावर राजाबाईच्या. तेव्हा सकाळी मैदानात उभं राहून पश्चिमेकडचं सांग आणि संध्याकाळी पूर्वेकडचं. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसही दुपारनंतरच खुलतं. गेटवेवर सकाळी सूर्य समुद्रावरून येतो, म्हणून कमान काळवंडलेली दिसते आणि ताजचं तोंड लख्ख. फोटो नीट आले की माणसं खूष असतात आणि खूष माणसं ऐकतात.

आता मुख्य गोष्ट. एका थांब्यावर फार बोलायचं नाही, दाखवायचं. आणि दाखवायचं म्हणजे बोटानं नाही, त्यांनाच शोधायला लावायचं. टर्मिनसचंच घे. १८८७, फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स, व्हिक्टोरियन गॉथिक, हे सगळं मोबाइलवर मिळतं. तू त्यांना महापालिकेच्या बाजूला, रस्त्यापलीकडे उभं कर आणि विचार, ‘घड्याळाखाली एक कोनाडा रिकामा आहे, दिसतोय का?’ पंचवीस माना वर जातात. कुणीतरी ओरडतं, ‘तो बघा!’ मग सांग, तिथे व्हिक्टोरिया राणीचा पुतळा होता, स्वातंत्र्यानंतर काढला. मग घुमटावरची बाई दाखव. तिच्या उजव्या हातात मशाल आणि डाव्या हातात चाक. ती राणी नव्हे, ती ‘प्रगती’. पुष्कळ लोक, आणि दुर्दैवानं काही गाईडसुद्धा, तिलाच राणी म्हणतात. मग फाटकाच्या खांबांवरचे सिंह आणि वाघ, एक इंग्लंडचा, एक आपला. आणि शेवटी भिंतीवरच्या चेहऱ्यांमध्ये नाना शंकरशेट शोधायला लाव. जमशेटजी जीजीभाईही तिथेच आहेत. रेल्वे कंपनीच्या कारभाऱ्यांचे ते चेहरे. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली त्यामागे आपल्या नानांचाही हात होता, हे मराठी ग्रुपला सांगितलंस की मघापर्यंत ऊन-ऊन करणारे आजोबा काठी टेकून पुढे येतात. दगडातले मोर, माकडं आणि पानंफुलं लहान मुलांसाठी राखून ठेव. ‘पाच प्राणी शोधा’ म्हटलं की पोरं गप्प. त्या कोरीवकामात जे. जे. कला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा हात आहे, हे मात्र जाता जाता सांग.

तिथून निघताना भुयारी मार्गात उतरायच्या आधी डोकी मोज आणि वर आल्यावर पुन्हा मोज. त्या भुयाराला इतकी तोंडं आहेत की आपली जाणती माणसंही चुकतात. छत्री रंगीत घे, लाल किंवा पिवळी, आणि ती उंच धर.

ताजबद्दल तुला एक गोष्ट हमखास ऐकायला मिळेल. विलायती वास्तुशिल्पी आराखडा देऊन मायदेशी गेला, परत येऊन पाहतो तर हॉटेल उलटं बांधलेलं, मग बिचाऱ्यानं जीव दिला. ऐकायला झकास, पण थाप. मूळ दरवाजा शहराच्या बाजूला होता, कारण गाड्याघोडे तिकडून यायचे, आणि खोल्यांना समुद्र हवा होता. ते हॉटेल मुळात आखलं रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांनी. वैद्य आधी स्टीव्हन्सच्या हाताखाली टर्मिनसच्या बांधकामावर होते. ताज पुरं होण्याआधीच ते वारले आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी काम पुढे नेलं. डिसेंबर १९०३ मध्ये हॉटेल उघडलं. आता तूच सांग, एका मराठी माणसाचं नाव पुसून त्या जागी आत्महत्या करणारा साहेब बसवायचा, हे कुठलं शहाणपण? लोकांना गोष्ट हवी असते हे खरं. मग वैद्यांची सांग, नाहीतर गेटवेची सांग. १९११ साली पंचम जॉर्ज उतरले तेव्हा तिथे कमान नव्हती, पुठ्ठ्याची नक्कल होती. दगडी कमान खुली झाली ती डिसेंबर १९२४ मध्ये. आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला शेवटची ब्रिटिश पलटण त्याच कमानीखालून बोटीवर चढली. राजासाठी बांधलेला दरवाजा त्याच्या फौजेला जायला उपयोगी पडला. यात तुला पदरचं तिखटमीठ घालावा लागत नाही.

दंतकथा सांगूच नको असं नाही. ‘असं म्हणतात’ एवढे दोन शब्द पुढे लाव, म्हणजे झालं.

हुतात्मा चौकात मात्र सगळ्या ग्रुपना एकच भाषण देऊ नकोस. परदेशी पाहुणे फ्लोरा फाउंटन बघतात, १८६४ चं कारंजं, रोमन देवता, छान आहे. पण सांगली-साताऱ्याकडची बस आली तर आधी स्मारकापाशी ने. मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार दाखव. २१ नोव्हेंबर १९५५ ला या परिसरात संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळ्या चालल्या, हे सांग आणि जरा थांब. त्या बसमध्ये कुणाचे ना कुणाचे वडील त्या काळात मुंबईच्या गिरणीत असलेले निघतात. तोच बोलायला लागेल. त्याला बोलू दे. त्या वेळी तू गप्प बसायचं, कार्यक्रमपत्रिका काय म्हणते ते बघायचं नाही.

घारापुरीला जायचं तर पहिली होडी धर. तासाभराचा प्रवास. पायऱ्या शंभरावर आहेत. गुडघ्यांची तक्रार असलेल्यांना खालीच विचार, डोली ठरवायची तर दर आधी बोलून घे. होडीत लाइफजॅकेटसाठी हट्ट धर. डिसेंबर २०२४ मधल्या होडीच्या अपघातानंतर तरी कुणी ‘काही होत नाही ताई’ म्हणाला तर त्याचं ऐकू नकोस. खाऊच्या पिशव्या आणि बाटल्या हातात नकोत, माकडं हिसकावतात. परतीच्या शेवटच्या होडीची वेळ बेटावर उतरताच विचारून घे आणि सगळ्यांना सांग.

लेण्यात शिरल्यावर लगेच तोंड उघडू नकोस. बाहेरच्या लखलखाटातून आत आलेल्याला सुरुवातीला काहीच दिसत नाही. दोन मिनिटं नुसती जाऊ देत. डोळे सरावले की समोरच्या अंधारातून तो वीसेक फुटांचा सदाशिव हळूहळू पुढे येतो. त्या वेळी बडबड करणाऱ्या गाईडला दंड करायला हवा. मग सांग, हे ब्रह्मा-विष्णू-महेश नव्हेत, तिन्ही मुखं शिवाचीच आहेत. एका बाजूला मिशा वळवलेला, साप हातात घेतलेला अघोर, दुसऱ्या बाजूला कमळ धरलेला सौम्य वामदेव, मध्ये शांत तत्पुरुष. ‘त्रिमूर्ती’ हे नाव इतकं रुळलंय की लोक वाद घालतील. वाद घालू नकोस, मिशा दाखव.

आणि उतरताना कुणीतरी विचारेलच, ‘एलिफंटा म्हणतात, तर हत्ती कुठाय?’ हत्ती भायखळ्याला! पोर्तुगिजांनी ज्या दगडी हत्तीवरून नाव ठेवलं तो इंग्रज विलायतेला न्यायला निघाले आणि उचलताना तो फुटला. पुढे तुकडे जोडून उभा केलेला तो हत्ती आज राणीच्या बागेत, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेर आहे. गंमत म्हणजे काळा घोडाही तिथेच. सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ साली फोर्टातून हलवला तो त्याच बागेत गेला. फोर्टात आता आहे तो स्वाराविना नवा घोडा, २०१७ चा. थोडक्यात, ज्यांच्या नावावर दोन जागा गाजतात ते दोन्ही प्राणी राणीच्या बागेत सापडतात. भाऊ दाजींचं संग्रहालय तसंही बघण्यासारखंच आहे, १८७२ पासूनचं. तिथल्या छोट्या मातीच्या बाहुल्यांमध्ये जुन्या मुंबईतल्या जातीजमातींच्या पगड्या आणि पेहराव ओळखायला लावलेस तर आज्या तिथून हलत नाहीत.

वार तोंडपाठ हवेत. घारापुरी आणि कान्हेरी सोमवारी बंद, भाऊ दाजी लाड बुधवारी, चोरबाजार शुक्रवारी. फोर्ट रविवारी सकाळी मोकळा असतो, इमारती तेव्हाच नीट दिसतात, पण त्याच दिवशी गेटवेवर जत्रा असते. लोकल दाखवायचीच असेल तर दुपारी बारा ते चार. सकाळी चर्चगेटकडे येणारी गाडी म्हणजे पाहुण्यांचा छळ. हाजी अलीला भरतीची वेळ बघून जा, मोठ्या भरतीत वाट पाण्याखाली जाते. पावसाळ्यात गेटवेच्या होड्यांचा भरवसा धरू नकोस. तेव्हा शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि काळा घोडा हा पर्याय हाताशी असू दे.

अग्यारीत पारशांखेरीज कुणाला प्रवेश नाही. हे फाटकाबाहेरच सांग, आत डोकावू देऊ नकोस. काळ्या घोड्याजवळच्या निळ्या सिनेगॉगला जाणार असशील तर प्रत्येकाजवळ ओळखपत्र हवं. आणि धारावीचा आग्रह परदेशी पाहुणे धरतील. जायला हरकत नाही, कुंभारवाडा, चामड्याचं काम, पुनर्वापराचे कारखाने, बघण्यासारखं पुष्कळ आहे. पण कॅमेरे पिशवीत. कुणाच्या उंबऱ्यात उभं राहून त्याच्या घराचा फोटो काढायचा नाही. हे न पटणारा पाहुणा असेल तर त्याला जुहूला ने.

पैशाचं एकदाच सांगते. दुकानदार ‘मॅडम, पार्टी आणा, तुमचं बघून घेऊ’ म्हणेल. काश्मिरी शाली, दगडी हत्ती, नकली पुराणवस्तू. एकदा कमिशन घेतलंस की पुढच्या ग्रुपला संग्रहालयात कमी आणि दुकानात जास्त वेळ बसवशील. लोक बोलत नाहीत, पण त्यांना कळतं.

जेवण साडेबाराच्या आत उरक. एकला फोर्टातली सगळी ऑफिसं खाली उतरतात आणि मग टेबल मिळत नाही. परदेशी माणसाला इराण्याकडचा बन-मस्का दे, गावाकडच्याला दादरला उतरव, थालीपीठ आणि पियूषवर ती मंडळी तृप्त असतात. आणि मलबार हिलवर म्हातारीचा बूट बघायचाय म्हणाले तर नाक मुरडू नकोस. लहानपणी शाळेच्या सहलीत पाहिलेला असतो, नातवाला दाखवायचा असतो. वारसा यादीत नसलं म्हणून काय झालं?

सोमवारी लेणी बंद, म्हणजे त्या दिवशी तुझ्याकडे ग्रुप कमी. तो दिवस घरी लोळण्यात घालवू नकोस. पुढच्या पार्टीचा रस्ता एकटी चालून बघ, कुठली इमारत डागडुजीसाठी हिरव्या जाळीत गेलीय, कुठला फूटपाथ खणलाय, कुठल्या बाथरूमला कुलूप आहे. संग्रहालयांना फोन करून वेळा विचारून घे, त्या बदलतात. आणि बूट जुने घाल, नवे चावतात.