दोष कपाळाचा की पावलांचा?

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

आमच्या घरात काही वाईट घडले की आजीचे एक वाक्य ठरलेले असते, "सटवाईनं लिवलेलं कुणाला पुसता येतंय व्हय?" मूल जन्मल्यावर पाचवीच्या रात्री सटवाई येते आणि त्याच्या कपाळावर भविष्य लिहून जाते, अशी आपल्याकडे समजूत आहे. माझ्या पाचवीलाही आजीने पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवली होती म्हणे. गेल्या वर्षी मी इंग्रजीत नापास झाले, तेव्हाही आजी तेच बोलली. कॉलेजची पायरी चढणारी आमच्या घरातली मी पहिलीच. त्यामुळे 'पोरीच्या कपाळी शिक्षण नाही' हे साऱ्यांना चटकन पटले. खरे सांगायचे तर मलाही पटले, कारण त्यात माझी सुटका होती.

राहिलेला विषय घेऊन मी दुसऱ्या वर्षात आले. यंदा वर्गात शोकांतिकेचा अभ्यास सुरू झाला आणि पहिल्याच तासाला सरांनी फळ्यावर प्रश्न लिहिला : 'नायकाचा नाश कोण करतो?' त्या प्रश्नाने मला आजीच्या वाक्याची आठवण करून दिली. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे मला सापडलेले अपुरे उत्तर आहे.

ॲरिस्टॉटलने आपल्या काव्यशास्त्रात शोकांतिकेच्या नायकाचे वर्णन केले आहे. हा नायक अगदी सद्गुणाचा पुतळा नसतो आणि दुष्टही नसतो. त्याचा अधःपात होतो तो त्याच्या हातून घडलेल्या एखाद्या प्रमादामुळे. या प्रमादाला ग्रीक भाषेत 'हॅमार्शिया' म्हणतात. म्हणजे ॲरिस्टॉटलने नायकाच्या कपाळापेक्षा त्याच्या कृतीकडे अधिक लक्ष दिले. गंमत अशी की, त्याने ज्या नाटकाची वारंवार वाखाणणी केली, ते नाटक नियतीचेच नाटक म्हणून ओळखले जाते. ते म्हणजे इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकातील सॉफोक्लीजचे 'ईडिपस'. मराठीत पु. ल. देशपांडे यांनी ते 'राजा ओयदिपौस' या नावाने आणले.

ईडिपस बापाला मारील आणि आईशी विवाह करील, असे भाकीत असते. ते टाळण्यासाठी तो कॉरिंथ सोडतो आणि नेमका त्या भाकिताच्याच वाटेला लागतो. वाटेत झालेल्या भांडणात तो ज्या वृद्धाला ठार करतो तो त्याचा जन्मदाता असतो. पुढे थीब्जच्या ज्या राणीशी तो विवाह करतो ती त्याची जन्मदात्री असते. इथे बिचाऱ्याने काय निवडले? काहीच नाही, असे मला प्रथम वाटले.

पण नाटक पुन्हा वाचताना एक गोष्ट ध्यानात आली. नाटकाचा पडदा उघडतो तेव्हा हे सारे घडून गेलेले आहे. रंगमंचावर जे घडते ते वेगळेच आहे. नगरात रोगाची साथ पसरली आहे आणि पूर्वीच्या राजाचा मारेकरी सापडल्याशिवाय ती हटणार नाही, अशी देववाणी आली आहे. ईडिपस शोध सुरू करतो. अंध द्रष्टा टायरेसियस सांगायला तयार नसतो, राणी योकास्टा त्याला थांबवण्यासाठी विनवते, म्हातारा मेंढपाळ तोंड उघडायला घाबरतो. प्रत्येक पायरीवर 'आता पुरे' म्हणण्याची मुभा आहे आणि प्रत्येक पायरीवर तो पुढचा प्रश्न विचारतो. जे घडले ते नियतीने घडवले. परंतु ते जाणून घेण्याचा निर्णय त्याचा स्वतःचा होता. उत्तर आपल्याला उद्ध्वस्त करील हे दिसू लागल्यावरही तो विचारायचे थांबत नाही. म्हणून अखेरीस डोळे फोडून घेतलेला ईडिपस मला दयनीय वाटत असूनही लहान वाटत नाही.

शेक्सपिअरच्या 'मॅक्बेथ'मध्येही भाकीत आहे. शि. म. परांजपे यांनी या नाटकावरून 'मानाजीराव' लिहिले, तर वि. वा. शिरवाडकरांनी 'राजमुकुट'. तीन चेटकिणी मॅक्बेथला सांगतात की तू कॉडॉरचा सरदार होशील आणि पुढे राजा होशील. पहिले भाकीत लगेच खरे ठरते. मग दोष चेटकिणींचा म्हणावा, तर एक अडचण येते. त्या माळावर मॅक्बेथ एकटा नव्हता. बँको त्याच्या शेजारी उभा होता आणि त्याचे वंशज राजे होतील असे त्यालाही सांगण्यात आले होते. एकाने ऐकून संशय बाळगला, दुसऱ्याने ऐकून खंजीर हाती घेतला.

येथे सरांनी सांगितलेली एक माहिती मला महत्त्वाची वाटते. शेक्सपिअरने ही कथा होलिनशेडच्या बखरीतून घेतली आणि त्या बखरीत बँकोही राजाच्या खुनात सामील आहे. त्या वेळी इंग्लंडच्या गादीवर असलेला राजा जेम्स आपले कुळ बँकोपासून सांगत असे, म्हणून नाटककाराने बँकोला निर्दोष केले असावे. कारण काहीही असो, त्या बदलामुळे नाटकाचा अर्थच पालटला. एकच भाकीत आणि दोन माणसे असा पडताळा आपल्यापुढे उभा राहिला.

शिवाय 'खून कर' असे चेटकिणी कधीच म्हणत नाहीत. नशिबात राज्य असेल तर ते आपोआप मिळेल, हा विचार खुद्द मॅक्बेथच्याच मनात येऊन जातो. डंकन आपला राजा, आप्त आणि पाहुणा आहे हे तो जाणतो. एकदा तर तो मागेही फिरतो. मग लेडी मॅक्बेथ त्याच्या मर्दपणाला डिवचते आणि तो पुन्हा वळतो. त्यानंतर बँकोचा खून, मॅकडफच्या बायकामुलांची कत्तल. यांतले कोणते त्याच्या कपाळी लिहिले होते? महत्त्वाकांक्षा हा दोष नव्हे, असे माझे मत आहे. ती नसती तर आमच्या गावातून एसटीने रोज कॉलेजला कोण आले असते? दोष आहे तो महत्त्वाकांक्षेने दाखवलेल्या जवळच्या वाटेत.

तिसरा नायक आपल्याच रंगभूमीवरचा. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग १९१९ साली, लेखकाच्या मृत्यूनंतर काही दिवसांतच झाला. या नाटकात देववाणीही नाही आणि चेटकीणही नाही. सुधाकर बुद्धिमान आणि अत्यंत मानी वकील आहे. न्यायालयात अपमान होतो, सनद काही काळासाठी रद्द होते आणि तळीराम त्याच्यापुढे प्याला करतो. अपमान सुधाकरने निवडला नव्हता, प्याला मात्र निवडला. पुढे तो दारू सोडण्याचा निश्चयही करतो. पण कामाच्या शोधात पुन्हा अपमान पदरी येतो आणि पाऊल मागे वळते. अशा वेळी समाजाचा दोष नाही असे कोण म्हणेल? तरीही सिंधूच्या संसाराची राख होते ती सुधाकरच्या हाताने.

या तिघांना शेजारी ठेवले की मला असे दिसते : नियती प्रसंग देते, महत्त्वाकांक्षा किंवा अभिमान त्या प्रसंगाला वेग देतो, आणि दोहोंच्या मध्ये एक क्षण असा येतो की जो नायकाचा स्वतःचा असतो. शोकांतिका त्या क्षणात असते.

परंतु 'सारे काही आपल्याच हाती' असे म्हणून मी लेख संपवणार नाही. माझ्या वडिलांनी सातवीनंतर शाळा सोडली. आजोबांच्या डोक्यावर कर्ज होते आणि गुरांमागे जायला दुसरे कोणी नव्हते. त्यांनी काय निवडले होते? आजी त्याला नशीब म्हणते, मी परिस्थिती म्हणते. पण तो त्यांचा दोष नव्हता, एवढे नक्की. ज्याच्यापुढे दोन वाटाच नसतात त्याला निवडीचे व्याख्यान देणे हा अन्याय आहे.

माझे तसे नव्हते. मी इंग्रजीत नापास झाले, कारण वर्षभर मी शेवटच्या बाकावर बसले. आपल्याला समजत नाही हे इतरांना कळेल या भीतीने मी एकही प्रश्न विचारला नाही. सटवाईने माझ्या कपाळावर काय लिहिले ते मला माहीत नाही, परंतु शेवटचा बाक तिने दाखवला नव्हता. ईडिपस सर्वनाश समोर दिसत असताना विचारत राहिला आणि मी चार मुली हसतील म्हणून गप्प बसले!

राहिलेल्या विषयाची परीक्षा अजून व्हायची आहे. निकाल काय लागेल ते सांगता येत नाही. मात्र या वर्षी मी दुसऱ्या बाकावर बसते आणि समजले नाही की हात वर करते. परवा आजीला हे सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "कोरा कागद ठिवला हुता तवा. सकाळी बघितला तर कोराच हुता बाई."